नवरा-बायको मिळून क्राफ्ट ब्रुअरी बघायला जाणं (संभाजीनगर ते पुणे): अनुभव आणि प्रश्न

हिमरू (छत्रपती संभाजीनगर)

नमस्कार मंडळी. इथं बिअरचा विषय निघाला की चार प्रतिसादांत धागा दारूबंदीवर जातो हे माहितीय, तरी लिहितेय.

आम्ही दोघं मध्यंतरी एका शनिवारी पुण्याला गेलो ते फक्त क्राफ्ट बिअरच्या ब्रुअऱ्या बघायला, म्हणजे जागेवरच थोडी थोडी बिअर बनवून देणाऱ्या मायक्रोब्रुअऱ्या. लग्न नाही, मुंज नाही, कुणाची अ‍ॅडमिशन नाही, दवाखाना नाही. मराठवाड्यातला माणूस या चार कारणांशिवाय पुण्याला जातो हेच घरी कुणाला पटेना. सासूबाईंनी तीनदा विचारलं, "पण काम काय आहे?" म्हटलं काहीच नाही, फिरायला. पोरगी त्यांच्याकडेच ठेवली, तिला आजी म्हणजे मोबाईल अनलिमिटेड, त्यामुळे तिकडून काही तक्रार नव्हती.

आता मूळ कारण सांगते. आपल्याकडं पाटी असते "फॅमिली रेस्टॉरंट अँड परमिट रूम". फॅमिली वरच्या मजल्यावर आणि परमिट रूम खाली. बायको सोबत दिसली की वेटर न विचारता वर धाडतो, पडदेवाल्या केबिनमधे. मी एक माइल्ड सांगितली की तो ऑर्डर लिहायच्या आधी नवऱ्याकडं बघतो, हा मान हलवतो, मग लिहितो. आणि मग ती बिअर येते टिशू पेपरात गुंडाळून जशी काय मी चोरून आणलीय. मला बिअर आवडते, नवऱ्याला फारशी नाही, तो एक ग्लास घेऊन तासभर बसतो. म्हणजे आमच्या घरात पिणारी मी आणि परवानगी त्याची, असा सगळा उलटा कारभार.

तर पुण्यात मुंढव्याकडच्या एका ठिकाणी दुपारी साडेबाराला गेलो (नावं देत नाही, जाहिरात म्हणाल, पण मुंढवा, कोरेगाव पार्क, बाणेर या भागात शोधलंत तर भरपूर आहेत). मोठा मोकळा हॉल, शेजारच्या टेबलवर आजी-आजोबांसकट एक कुटुंब पिझ्झा खातंय, आणि काचेपलीकडं स्टीलच्या टाक्या. दुपारची वेळ, गर्दी नाही, म्हणून मी सरळ विचारलं की आत बघता येईल का. बनवणारा मुलगा स्वतः आला, तिशीचा असेल, आत नेलं. मोड आणून भाजलेला जव चावून बघायला दिला, साधा वेगळा, जास्त भाजलेला वेगळा, अगदी काळा केलेला वेगळा. तो काळा दाणा चावला तर कॉफीच लागते हो, आणि नंतर तीच चव काळ्या बिअरमधे सापडली तेव्हा नवरा पहिल्यांदा म्हणाला की "अच्छा, असं असतं होय". हॉप्सच्या (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) हिरव्या गोळ्या तळहातावर चोळून वास घ्यायला लावला. हाताचा वास संध्याकाळपर्यंत गेला नाही.

मग सॅम्पलर मागवला. एका लाकडी पट्टीवर छोटे छोटे ग्लास, प्रत्येकात चार-पाच घोट. हे सगळ्यात भारी. पूर्ण ग्लास मागवून आवडला नाही तर पैसे वाया, इथं सगळ्या चवी बघून मग ठरवायचं. गव्हाची जी होती तिला पिकल्या केळ्याचा वास येतो, आणि त्यात केळं घातलेलंच नसतं, तो वास यीस्टचा! दुसरी बेल्जियन पद्धतीची, तिच्यात चक्क धणे आणि संत्र्याची साल घालतात, ती मला सगळ्यात आवडली. आयपीए (इंडिया पेल एल, जास्त हॉप्सची) आम्हा दोघांनाही झेपली नाही, कडू म्हणजे कडू. नवऱ्याने शेवटी काळी स्टाउट घेतली आणि चक्क संपवली.

संध्याकाळी दुसऱ्या ठिकाणी गेलो तिथं डीजे होता, एकमेकांचं ऐकू येईना, बिअर चांगली असून लक्ष लागलं नाही. माझं मत विचाराल तर दिवसात दोनच ठिकाणं पुरे, त्यातलं एक दुपारचं हवंच. दुपारी बनवणारी माणसं भेटतात आणि रात्री नुसती पिणारी.

जाताना-येताना एसटीची ई-शिवाई. मला महिला सन्मानचं अर्धं तिकीट. कुणी असं जोडीने गेलंय का? अजून कुठं जावं? आणि आपल्या शहरात बघण्यासारखं काही आहे का?

औसा_रोड (लातूर)

एवढ्यासाठी पुण्याला? तुमच्या वाळूजमधे बिअरच्या फॅक्टऱ्यांची लाईन लागलीय. आमच्याकडं कुठल्याही बाटलीवर पत्ता वाचा, औरंगाबाद जिल्हा. उशाला नदी आणि कोरड घशाला.

हिमरू

@औसा_रोड तेच तर विचारतेय, तिथं आत सोडतात का? आमच्या ओळखीतले निम्मे लोक त्या एमआयडीसीत आहेत पण बिअर कशी बनते हे मला पुण्यात जाऊन कळलं.

शिफ्ट_जनरल (वाळूज)

मी याच धंद्यात आहे, कंपनी विचारू नका. युनायटेड ब्रुअरीज, कार्ल्सबर्ग, एबी इनबेव्ह, या सगळ्यांचे प्लांट आपल्याकडं आहेत हे खरं. पण तिथं सहल म्हणून कुणी जाऊ शकत नाही. एक्साइजचा माणूस, गेटपास, सेफ्टी शूज, सगळं आहे, पब्लिकसाठी टूर वगैरे प्रकार माझ्या माहितीत तरी नाही. कॉलेजची पोरं इंडस्ट्रियल व्हिजिटला येतात तेवढीच. आणि खरं सांगू का, आलात तरी बघायला काय मिळणार, पाइप आणि स्क्रीन. आमच्याकडं माणूस माल्टला (मोड आणून भाजलेला जव) हात लावत नाही, सायलोमधून थेट आत.

मायक्रोब्रुअरीतला आणि आमच्यातला फरक लोकांना वाटतो तसा "त्यांची शुद्ध आणि आमची केमिकलची" असा नाहीये, बिअरमधे ग्लिसरीन असतं हे व्हॉट्सअ‍ॅपवरचं पुराण कृपया इथं आणू नका. मूळ काम एकच. जव भरडायचा, ६५ अंशांच्या आसपास गरम पाण्यात तासभर ठेवायचा, म्हणजे त्यातल्या पिठाची साखर होते. ते गोड पाणी गाळून हॉप्स घालून उकळायचं, थंड करायचं, यीस्ट सोडायचं. पुढं साखरेचं अल्कोहोल आणि गॅस करायचं काम यीस्टचं.

फरक नंतर पडतो. आम्ही लागर बनवतो, ती १० अंशांच्या आसपास सावकाश आंबते आणि मग थंडीत मुरते. मायक्रोवाले बहुतेक एल बनवतात, ती १८ ते २२ अंशाला लवकर होते, टाकी लवकर मोकळी होते, छोट्या जागेला ते परवडतं. आमची बिअर गाळून पाश्चराइज करून बाटलीत जाते कारण ती नागपूरच्या दुकानात मे महिन्यात महिनोन्महिने उभी राहणार असते. त्यांची टाकीतून पन्नास फुटांवर ग्लासात जाते, गाळायची गरज नाही, म्हणून गव्हाची गढूळ दिसते. गढूळ म्हणजे खराब नव्हे. ग्लास परत पाठवणारे बघितलेत मी.

आणि ताई तुम्ही केळ्याचं लिहिलंय ते अगदी बरोबर, तो जर्मन गव्हाच्या बिअरच्या यीस्टचा गुण आहे, केळं आणि थोडा लवंगेचा वास. टेंपरेचर थोडं वाढवलं की केळं वाढतं. आमच्या प्लांटमधे बिअरला केळ्याचा वास आला तर चौकशी बसते आणि तिथं त्याचेच पैसे घेतात.

कडकलक्ष्मी (नांदेड)

हिमरू ताई, टिशू पेपरचं वाचून मी एकटीच हसूलाले म्हणून घरचे बघायलेत 😄

आमच्या नांदेडहून पुणं लई लांब. आम्ही दोघं हैदराबादला जातो, रात्री रेल्वेत बसलं की सकाळी तिथं. ज्युबिली हिल्स, गच्चीबावली भागात लई ब्रुअऱ्या झाल्यात. तिकडं आयटीवाले भरलेले, कुणी कुणाकडं बघत नाही, मी साडी नेसून गेले होते तरी कुणी वळून बघितलं नाही (बहिणीच्या घरचा कार्यक्रम उरकून तसंच गेलो होतो). वेटरनं ऑर्डर मला विचारली, ह्यांना नाही. ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

बाकी आमच्या भागाला पिणं नवीन नाही. देगलूर-बिलोलीकडं शिंदी पूर्वीपासून, निजामाचा मुलूख, इथं आबकारीवरच सरकार चालायचं. माझी पणजी शिंदी प्यायची असं आजी सांगायची, उन्हाळ्यात सकाळी ताजी, गोड असते तेव्हाच. मधेच कधी तरी बाईनं पिणं म्हणजे पाप झालं, काय की.

तुळजापूर_रोड (धाराशिव)

भारी धागा. आमचं लग्न होऊन दीड वर्ष झालंय, दोघांनाही जायचंय. काही बाळबोध प्रश्न:
बिअर प्यायला खरंच परवाना लागतो का? ओळखपत्र मागतात का, बायको २३ ची आहे. आणि गाडी घेऊन गेलं तर चालेल का, म्हणजे मी एकच ग्लास घेईन.

शिफ्ट_जनरल

परवाना कागदोपत्री लागतो. दारूबंदी कायदा १९४९ चा, तो अजून आहे. एक दिवसाचा, एक वर्षाचा, आजन्म असे प्रकार आहेत. बारमधे एक दिवसाचा ५ रुपयांचा फाडतात किंवा फाडल्याचं गृहीत धरतात. महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ आणि बाकी दारूला २५ वय आहे, त्यामुळे वहिनींना बिअर चालेल, कॉकटेल नाही. आधार जवळ ठेवा, पुण्यात मागतात.

गाडीचं: नका नेऊ. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५, पहिल्याच वेळी १० हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिने किंवा दोन्ही. "एकच ग्लास" हे मोजमाप नाही. क्राफ्टचा ग्लास मोठा असतो, बिअर कधी साडेचार टक्के तर कधी सात, आणि चवीला गोडसर असली की टक्के कळत नाहीत. बोर्डावर लिहिलेले असतात ते वाचा.

हिमरू

@तुळजापूर_रोड गाडीचा विचार आम्हीही केला होता पण मग एकाने न पिता बसायचं, आणि परतताना वाघोली-शिक्रापूरचं ट्रॅफिक, कशाला. बसने वाकडेवाडीला उतरलो, तिथून रिक्षा. रात्री मुक्काम केला, रविवारी दुपारची बस. एका दिवसात जाऊन यायचं डोक्यातून काढा, सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर एका बाजूने आहे, नुसता प्रवासच होईल. तुम्हाला धाराशिवहून तर सोलापूरला येऊन सकाळची वंदे भारत सोपी पडेल ना?

तुळजापूर_रोड

हो ती सहाला निघते सोलापूरहून, नऊ-साडेनऊला पुण्यात. म्हणजे पहाटे चारला उठून बिअर प्यायला निघायचं. वडील विचारतील कुठली परीक्षा आहे 😂

मालदांडी (परभणी)

सगळ्यांची मजा चाललीय, बिघडवायची नाहीये, पण एक बोलतो. एप्रिल २०१६ आठवतो का कुणाला? लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं आणि त्याच महिन्यात औरंगाबाद खंडपीठाला आदेश काढावा लागला की मद्याच्या कारखान्यांचं पाणी निम्मं करा, आणि मे महिन्यात अजून कमी करून ६० टक्के कपात. कोर्टाने सांगेपर्यंत नाथसागराचं (जायकवाडी धरणाचं) पाणी बिअरला जातच होतं. आता तुम्ही म्हणाल क्राफ्ट वेगळं. पाणी तर पाणीच आहे.

औसा_रोड

मालदांडी +१. त्या उन्हाळ्यात आम्ही घागरी घेऊन रात्री दोन वाजता टँकरची वाट बघितलीय. गल्लीत भांडणं होऊ नयेत म्हणून टाक्यांपाशी जमावबंदी लावली होती लातुरात. पोराला अजून नळ चालू ठेवून दात घासू देत नाही मी.

शिफ्ट_जनरल

यावर मी गप्प बसणार नाही पण कंपनीची बाजूही घेणार नाही. बिअरमधे नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं, आणि एक लिटर बिअरला धुणं, थंड करणं, बाटल्या सगळं धरून आमच्याकडं तीन ते पाच लिटर लागतं. पूर्वी जास्त लागायचं. मालदांडीसाहेबांना धक्का बसेल पण लिटरमागे जास्त पाणी छोट्या ब्रुअरीला लागतं, मोठ्याला नाही, कारण छोटी टाकी धुवायला लागणारं पाणी त्या मानाने जास्त आणि ते परत वापरायची यंत्रणा त्यांना परवडत नाही. तेव्हा क्राफ्ट म्हणजे पर्यावरणप्रेमी असं काही डोक्यात असेल तर काढून टाका. फक्त एकूण बिअर इतकी कमी बनते की धरणाला कळत नाही.

२०१६ ला कपात झाली तेव्हा शिफ्टा बंद झाल्या, कंत्राटी पोरं घरी बसली. त्यातली बरीच पैठण-गंगापूरची, म्हणजे ज्यांच्या शेतात पाणी नाही तीच. सरळ उत्तर नाहीये याला. साखर कारखान्याला आणि उसाला किती जातं ते काढलं तर आपल्यातले निम्मे लोक धाग्यावरून पळतील.

मालदांडी

उसाचं मान्य. आमच्याच गावात आहे.

बरं मग पाण्यावरूनच पुढचा प्रश्न. जवाला पाणी कुठलं तरी राजस्थान-हरियाणाचं लागतं, हॉप्स तर परदेशातून. आपल्याकडं ज्वारी आहे, रब्बीची, नुसत्या थंडीवर आणि जमिनीतल्या ओलीवर येते. ज्वारीची बिअर होत नाही का? भाव तरी मिळेल.

शिफ्ट_जनरल

होते की! आफ्रिकेत पूर्वीपासून ज्वारीचीच करतात. आणि कारखान्यात पण झालीय. नायजेरियाने १९८८ ला बाहेरून जव आणण्यावर बंदी घातली, तेव्हा तिथल्या मोठमोठ्या ब्रुअऱ्या ज्वारी आणि मक्यावर गेल्या.

अडचणी दोन. ज्वारीचं पीठ जवापेक्षा जास्त तापमानाला शिजतं, म्हणजे ज्या ६५ अंशाला जवाचं काम होतं तिथं ज्वारी कच्चीच राहते, तिला आधी वेगळी शिजवून घ्यावी लागते. दुसरं, मोड आणलेल्या ज्वारीत पिठाची साखर करणारा एक एन्झाइम कमी असतो, तो बाहेरून घालावा लागतो किंवा थोडा जव मिसळायचा. आणि हो, तिसरंही आहे, ज्वारीला जवासारखं टरफल नसतं. जवाच्या टरफलाचाच गाळणीसारखा थर बसतो. ज्वारीत तो बसत नाही, सगळं पेजेसारखं तुंबून जातं, मग भाताचं तूस घालतात.

ग्लुटेन नसतं हा फायदा. पण मालदांडी कुणी घालणार नाही हो, भाकरीची ज्वारी महाग, ब्रुअर हायब्रीडच घेणार.

मालदांडी

म्हणजे इथंही मालदांडीला भाव नाहीच 😑

तो चोथा राहतो त्याचं काय करतात?

शिफ्ट_जनरल

जनावरांना. प्रोटीन बरं असतं, दूधवाले टेंपो लावून नेतात. ओला असतो, उन्हाळ्यात दोन दिवसांत आंबतो, लगेच घालावा लागतो. या भागातल्या म्हशी बिअरवर नाही पण बिअरच्या उरलेल्यावर आहेत.

संस्कृतीरक्षक_०७

बायकोला दारूच्या गुत्त्यावर नेणं ही कुठली सहल. वेरूळ आहे, घृष्णेश्वर आहे, पैठण आहे, दौलताबाद आहे. आपल्या मुलीला काय सांगणार?

कडकलक्ष्मी

नेलं नाही हो कुणी. ती स्वतः गेली, अर्ध्या तिकिटात.

हिमरू

@संस्कृतीरक्षक_०७ वेरूळ आम्ही दर पाहुण्यामागे करतो, कैलास लेण्याची माहिती गाइडपेक्षा मला पाठ आहे. मुलीला मोठी झाल्यावर हेच सांगणार की आई-बाबा दोघं मिळून गेले होते, दिवसा, बसने, आणि बाबांनी गुपचूप तिकडं एकट्याने जाण्यापेक्षा हे बरं. आमच्या नात्यात लपून पिणारे इतके बघितलेत की उघड पिणारा मला भरवशाचा वाटतो.

संपादक

धागा सहलीबद्दल आहे. व्यक्तिगत प्रतिसाद उडवले जातील. वय आणि गाडीबद्दल वर लिहिलंय ते नव्या सदस्यांनी वाचावं.

बिबी_का_चाहता (सध्या पुणे, मूळ औरंगपुरा)

उशिरा आलो. पुण्यात राहतो म्हणून थोडी भर.

पुण्याला हे वेड लवकर लागलं, २००९ ला इथं डूलॅली सुरू झाली तेव्हा देशात मायक्रोब्रुअरी हाताच्या बोटांवर होत्या. पुढं मुंढव्यात इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी, मग एफिनगट, ग्रेट स्टेट एलवर्क्स अशी नावं आली. हिमरू म्हणतात तसं दुपारी जा, शक्यतो शनिवारी किंवा मधल्या वारी. रविवारी ब्रंचवाल्यांची झुंबड असते.

कडू नको असेल त्यांच्यासाठी मीड, म्हणजे मध आंबवून केलेलं, पुण्याची मूनशाइन मीडरी त्यासाठी प्रसिद्ध. माझ्या बायकोला बिअरचा वासही सहन होत नाही, ती मीड आवडीने घेते. त्यामुळे जोडीतल्या एकाला बिअर नको असेल तर अडून बसू नका.

खर्चाचं कुणी लिहिलं नाही. मेनूतल्या किमतीवर जाऊ नका, दारूवरचा व्हॅट नोव्हेंबर २०२३ पासून ५ चा १० टक्के झालाय, खाण्यावर जीएसटी वेगळा, वर सर्व्हिस चार्ज लावतात (तो नको म्हणून सांगता येतो, सांगा). दोघांचं नीट खाऊन-पिऊन एका ठिकाणी अडीच-तीन हजार सहज होतात. चारनंतर कुठं कुठं हॅपी अवर असतो, पण एकावर एक म्हणून दोन मोठे ग्लास समोर येतात आणि चव घेण्याचा सगळा कार्यक्रम तिथं संपतो, त्यापेक्षा सॅम्पलर घ्या.

आणि तिथलं खाणं. नाचोज, विंग्ज, तेच ते. मला खरं सांगायचं तर स्टाउट आणि आपला नान-खलिया एकत्र हवा. त्या काळ्या बिअरचा भाजका कडवटपणा आणि खलियाचा मसाला, तर्री, वर गरम नान. कोण देणार? शहागंजात बिअर नाही आणि कोरेगाव पार्कात खलिया नाही.

औसा_रोड

वाह. मी पीत नाही पण खलियासाठी येईन.

कडकलक्ष्मी

गव्हाच्या बिअरसोबत शेंगदाण्याची चटणी न् कडक भाकरी घेऊन बघा कुणी. मी पर्समधे घेऊन गेले होते हैदराबादला. वेटर म्हणला बाहेरचं अलाउड नाही, म्हणलं हे बाहेरचं नाही घरचं आहे. तेलुगू होता, कळलं नसंल, पण गेला.

शिफ्ट_जनरल

चटणी तिखट असेल तर आयपीए घेऊ नका सोबत, तिखट आणि कडू एकमेकांना चढवतात, तोंड पेटतं. तिखटाला गव्हाचीच बरी.

तुळजापूर_रोड

घरी आणता येते का? मित्रांना चव दाखवायला.

बिबी_का_चाहता

ग्राउलर मिळतो बऱ्याच ठिकाणी, लिटरभराची बाटली भरून देतात. पण ती पाश्चराइज नसते, थंड ठेवून एक-दोन दिवसांत संपवायची. मागे एका मित्राने बॅगेत घालून धाराशिवला नेली होती, एप्रिलमधे, बिनएसी बसने. टेंभुर्णीपर्यंत गरम. उघडली तर निम्मी छताला. पुण्यातच प्या, मित्रांना फोटो दाखवा.

हिमरू

नाशिकचं कुणी केलंय का जोडीने? वाइनवाल्यांकडं तर रीतसर टूर असते म्हणतात, सुला वगैरे. आम्हाला वैजापूर-येवल्यावरून जवळ पडेल.

शिफ्ट_जनरल

केलंय. वाइनरी बघायची तर जानेवारी ते मार्चमधे जा, द्राक्षं तोडणं आणि चिरडणं तेव्हा चालू असतं. एरवी नुसती पिंपं दाखवतात. बिअरचं तसं नाही, ती बाराही महिने बनते, कधीही जा काहीतरी उकळत असतंच. नाशिकला मात्र टूर माणसामागे पैसे घेऊन, वेळ ठरवून, चारच्या बॅचला चला असं. तुम्हाला त्या पुण्याच्या मुलाने दाणा चावायला दिला तसं तिथं होणार नाही.

हिमरू

मग मार्चमधे बघू. परीक्षा नसल्या तर.

तुळजापूर_रोड

आमचं ठरलं. २ ऑक्टोबरला सुट्टी आहे, पुढचा एक दिवस रजा टाकून जातोय. हॉटेल बघतोय मुंढव्याच्या आसपास.

बिबी_का_चाहता

अरे २ ऑक्टोबर!!! गांधी जयंती. ड्राय डे. सगळं बंद.

कडकलक्ष्मी

😂😂 पहाटे चारला उठून वंदे भारतने जाऊन लिंबूसरबत

शिफ्ट_जनरल

तारखा बघून ठेवा, २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी. शिवाय ८ ऑक्टोबर. निवडणूक असेल तर मतदान संपायच्या आधीचे ४८ तास आणि मोजणीचा दिवस. पुण्यात गणपतीत वेगळे आदेश निघतात, तेव्हा आधी फोन करून विचारा.

तुळजापूर_रोड

बायको म्हणतेय मग २ ला सारसबाग आणि शनिवारवाडा करू, ब्रुअरी ३ ला दुपारी. घरी सांगायलाही बरं पडेल. परतीचं तिकीट ४ चं काढतोय.